शेरा, दोन ओळींत

शाळेचा फॉर्म आलाय. वक्तशीरपणा: एक ते पाच.
पुढाकार: एक ते पाच. सहकाऱ्यांशी वागणूक
(सहकारी म्हणजे मी, आणि तळघरातले तीन पंप).
खाली एक चौकट. शेरा, दोन ओळींत.

लायनस कोइवुला, इयत्ता अकरावी,
मंगळवार-गुरुवार, दुपारी एक ते चार,
सुपीरियर सरोवराच्या काठावरचं आमचं जलशुद्धीकरण केंद्र.
नळाला पाणी येतं तोवर
गावात कुणी इकडे वळून बघत नाही.

पहिल्या दिवशी बूट भिजवून आला,
म्हणाला, इथे करायचं काय असतं?
म्हटलं, बघायचं असतं.
त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

सहा काचपात्रं, सहा पाती मंद फिरणारी.
मी तुरटी घातली, प्रत्येकात वेगळ्या मापानं,
आणि त्याला स्टुलावर बसवलं. फोन खिशात.
गढूळ पाण्याला आधी काही सुचत नाही.
मग कण कणाला धरतो,
भुसा होतो, जडावतो,
आणि चौथ्या पात्रात तो खाली बसू लागला तेव्हा
खिडकीबाहेर नोव्हेंबरही तसाच
सावकाश खाली येत होता.
पोरगा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.
"चौथं," म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

(हे पुढाकारात धरायचं का?)

मग क्लोरीन. कुपीत दहा मिलीलिटर, एक पुडी,
हलवायचं, थांबायचं,
गुलाबी रंग यंत्राला दाखवायचा,
आकडा वहीत लिहायचा. पेनानं.
चुकलं तर एकच रेघ, चूक तिच्याखालून
वाचता आली पाहिजे, शेजारी आपली आद्याक्षरं.
खोडरबर या इमारतीत मी ठेवत नाही,
त्याची गोष्ट वेगळी, आणि ती माझी आहे.

फेब्रुवारीतला गुरुवार. रात्री नऊला फोन.
मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी लहान किरकिरत होतं.
"साडेतीनचा आकडा," तो म्हणाला, "मी घेतलाच नाही.
दोनला शून्य पॉइंट आठ होता, तोच परत लिहिला.
बर्फामुळे बस लवकर सुटणार होती."

मी गप्प. तोही.
चिडले होते, हे लपवत नाही.
शिवी ओठापर्यंत आली आणि परत गेली.
विचारलं, घरी गेल्यावर पाणी प्यायलास?
"नाही. आणि आईलाही पिऊ दिलं नाही.
रात्रीचं सूप करायचं राहिलंय."

काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी काढली.
रात्री तिथे कुणी नसतं, नुसती घरघर असते.
कुपी, पुडी, गुलाबी.
शून्य पॉइंट आठ.
तेच. अगदी तेच.
मला त्याचा आनंद होईना;
खरा निघालेला खोटा आकडा
माणसाला फार लवकर आवडू लागतो.
त्याला कळवलं एवढंच: सूप करा.

मंगळवारी वही पुढे ठेवली.
बघून म्हणाला, म्हणजे बरोबरच होतं.
मग, बऱ्याच वेळानं, नाही. नव्हतं.
स्वतःच रेघ मारली. सरळ, एक.
शेजारी ला. को., इतकं बारीक
की मला चष्मा लावावा लागला.

तर आता विश्वासार्हता: एक ते पाच.
दोन देऊ? पाच देऊ?
चव्वेचाळीस दिवसांत एकदा खोटं लिहिलं
आणि सूपचं पातेलं रिकामं ठेवून बसला,
याला कुठला आकडा असतो?
रकाना कोराच सोडते. शाळा फोन करील, करू दे.

शेऱ्यात लिहिलंय:
रात्री फोन केला.
घरच्यांना पाणी पिऊ दिलं नाही.

दोन ओळी झाल्या. तिकडे बेसिनपाशी
तो कुपी हलवतोय, पाठ माझ्याकडे.
पुरे, मी म्हणते, विरघळली ती केव्हाच.
अजून थोडं, म्हणतो.